गटात न बसणारा कोण? शिडाच्या बोटी आणि आपलं वर्गीकरण



आज एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे.

चौथीच्या घटक चाचणीत एक प्रश्न होता. गटात न बसणारा शब्द ओळखा : बस, बैलगाडी, होडी, आगगाडी. उत्तरसूचीत उत्तर होतं ‘होडी’, कारण ती पाण्यातून जाते आणि बाकीची तिन्ही जमिनीवरून. सोपा प्रश्न. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीने ‘आगगाडी’ लिहिलं. मी लाल पेनने काट मारली आणि पुढचा पेपर घेतला.

पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणाली, “बाई, बाकी सगळ्यांना हवं तिकडे वळवता येतं. आगगाडी रुळावरूनच जाते.” मी म्हटलं, “हो गं, पण इथे होडीच उत्तर आहे.” ती काही न बोलता जागेवर जाऊन बसली. त्यानंतर किती तरी दिवस तिने वर्गात हात वर केला नाही.

एका गुणाचा प्रश्न होता. पण त्या एका गुणात मी तिला काय शिकवलं? की बाईंच्या मनात काय आहे ते ओळखायचं. स्वतःला काय दिसतंय ते सांगायचं नाही. आपण रोज ‘निरीक्षण करा, वर्गीकरण करा, कारण सांगा’ असं म्हणतो आणि मुलाने खरंच कारण सांगितलं की काट मारतो. हे मला उशिरा कळलं, आणि कळायला कारण झाल्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या शिडाच्या बोटी!

बारा पोस्टकार्डं

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये नॉरिचला राहते. सुट्टीत आली तेव्हा तिने माझ्या वर्गासाठी बारा पोस्टकार्डं आणली. सगळ्यांवर तिथल्या जुन्या कामाच्या बोटींची चित्रं. कामाच्या म्हणजे हौसेने फिरायच्या नव्हेत. कोळसा, विटा, धान्य, गवत वाहणाऱ्या, मासे पकडणाऱ्या, मोठ्या जहाजांना वाट दाखवणारा माणूस समुद्रात नेऊन सोडणाऱ्या. इंजिनं येण्याआधी त्या देशाचं बरंचसं ओझं अशाच बोटींनी वाहिलं म्हटलं तरी चालेल.

जलवाहतुकीचा पाठ चालू होता. मी कार्डं गटागटांत वाटली आणि म्हटलं, “यांचे गट करा.” निकष मुद्दाम सांगितला नाही. खरं सांगायचं तर तेव्हा तो मुद्दाम नव्हता, सांगायचा राहिला होता.

एका गटाने डोलकाठ्या मोजल्या. दुसऱ्याने शिडांचा रंग पाहिला : लाल, काळं, पांढरं. तिसऱ्याने विचारलं, “बाई, ही काय काम करते?” आणि मागे छापलेली माहिती मी वाचून दाखवल्यावर मासेवाल्या आणि मालवाल्या असे दोन ढीग केले. आणि ती आगगाडीवाली मुलगी? तिने टेम्स नदीवरची बार्ज आणि नॉरफोकची व्हेरी एकत्र ठेवली. मी विचारलं, “का गं? एकीचं शीड लाल, दुसरीचं काळं. एक केवढी मोठी, दुसरी लहान.” ती म्हणाली, “दोघींची डोलकाठी खाली पाडता येते. पूल आला की.”

अगदी खरं आहे! दोन्ही बोटी पुलांखालून जायच्या. व्हेरीच्या डोलकाठीच्या बुडाशी जड वजन असतं, त्यामुळे काठी सहज खाली घेता येते आणि पुन्हा उभी करता येते. मी माहिती वाचत होते तेव्हा तिने तेवढं एक वाक्य पकडलं होतं. त्या क्षणी मला चाचणीचा पेपर आठवला आणि मान खाली गेली.

रंगाच्या गटाला मी आधी मनात हसले होते. रंगाने काय होतंय? पण नंतर वाचलं तेव्हा कळलं की तो रंगही उगाच नसतो. शीड खाऱ्या हवेत आणि ओलीत कुजू नये म्हणून त्याला लेप द्यायचे. ब्रिक्सहॅम बंदराच्या ट्रॉलर बोटींना लाल गेरूसारख्या मातीचा लेप, म्हणून शिडं लालसर. नॉरफोकच्या व्हेरीला डांबर आणि माशाच्या तेलाचा, म्हणून शीड काळं. म्हणजे ‘रंग’ या गटाच्या पोटात ‘शीड कशाने टिकवलं’ हा प्रश्न दडलेला होता. मुलांचा निकष वरवरचा वाटला तरी लगेच झिडकारू नये, हा माझा पहिला धडा.

अंग एक, नावं दोन

मग मी स्वतःच या बोटींच्या नादाला लागले. दोन शब्द आधी समजून घेऊ. ‘हल’ म्हणजे शिडं-डोलकाठ्या सोडून उरलेलं बोटीचं अंग. आणि ‘रिग’ म्हणजे डोलकाठ्या, शिडं आणि दोर यांची मांडणी. बोटीला नाव कशावरून द्यायचं, अंगावरून की शिडांवरून? इथेच सगळी गंमत आहे.

इंग्लंडच्या पूर्वेला हंबर नावाची मोठी खाडी आहे. तिथे मालवाहू बोटी चालायच्या. त्यातल्या एकीला म्हणायचे हंबर कील आणि दुसरीला हंबर स्लूप. दोघींचं अंग जवळपास सारखंच. कीलला एका डोलकाठीवर आडवं चौकोनी शीड, आणि स्लूपला लांबीच्या दिशेने लावलेलं शीड व त्याच्या पुढे आणखी एक. बस्स, एवढाच फरक. शीड बदललं की नाव बदललं. शिवाय तिथल्या कालव्यांत बोट मावते की नाही हे पाण्याच्या दरवाजांच्या मापावर ठरायचं, म्हणून ‘शेफील्ड साइज’ असाही एक प्रकार होता. म्हणजे एकाच बोटीला शिडावरून एक नाव आणि मापावरून दुसरं.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरची हेरिंग मासे पकडणारी बोट घ्या. पुढची आणि मागची दोन्ही टोकं सरळ उभी असली की ती फिफी. हे झालं अंगावरून. तिच्यावर लग प्रकारचं शीड असतं म्हणून ती लगर. हे झालं शिडावरून. जाळं पाण्यात पडद्यासारखं सोडून त्याबरोबर वाहत राहते म्हणून ती ड्रिफ्टर. हे झालं कामावरून. आणि तिच्या अंगावर रंगवलेली ‘एफआर’ अक्षरं सांगतात की तिची नोंदणी फ्रेझरबर्ग बंदरातली आहे, जशी आपल्याकडे गाडीवरची ‘एमएच १२’ पाहून पुण्याची गाडी ओळखतो. ‘रीपर’ नावाची अशी एक फिफी अँस्ट्रदर गावच्या स्कॉटिश फिशरीज म्युझियमने जपून ठेवली आहे. आता सांगा, रीपर कोणत्या गटातली? फिफी, लगर, ड्रिफ्टर की फ्रेझरबर्गची? चारही उत्तरं बरोबर आहेत. प्रश्न अपुरा आहे.

नाव एक, बोटी अनेक

याच्या उलटंही होतं. नॉरफोकची व्हेरी ही शिडाची मालवाहू बोट. पण लंडनला टेम्स नदीवर ‘व्हेरी’ म्हणजे वल्ह्यांनी चालवायची, उतारू नेणारी हलकी होडी. नाव तेच, काम वेगळं, अंग वेगळं. ‘कील’ हा शब्दही तसाच. टाइन नदीवरची कील कोळसा वाहणारी, हंबरची कील वेगळी, नॉरफोकचीही एक जुनी कील होती आणि तिच्या जागी पुढे व्हेरी आली. शिवाय कोणत्याही जहाजाच्या तळाचा कणा, त्यालाही इंग्रजीत कीलच म्हणतात! ‘स्मॅक’ हा शब्द तर इतका सैल की एसेक्समधली एका डोलकाठीची कालवं काढणारी बोटही स्मॅक आणि लोस्टॉफ्टची दोन डोलकाठ्यांची मोठी ट्रॉलरही स्मॅक.

उच्चाराचंही तेच. ईशान्य किनाऱ्यावर वाळूत ओढून घेता येणारी ‘कोबल’ नावाची बोट आहे. पुढून खोल, मागून सपाट. नॉर्थम्बरलंडमध्ये तिला ‘कोबल’ म्हणतात आणि खाली यॉर्कशरमध्ये ‘कॉबल’. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तिथेही बदलते.

नावं ठेवणारा कोण?

ही नावं कुठल्या समितीने बसून दिली नव्हती. कामकरी माणसांनी, सोयीप्रमाणे, दिसेल तसं नाव ठेवलं. फिफी हे फाइफ या प्रांतावरून. ट्रॉलर हे समुद्राच्या तळावरून जाळं ओढण्याच्या पद्धतीवरून. टेम्सच्या मुखाशी कोळंबी पकडणारी ‘बॉली’ असते. तिच्यावरच कोळंबी उकडायचं भांडं असायचं, म्हणून ‘बॉयलर’वरून बॉली झालं असं सांगतात.

सगळ्यात नवल ‘झुलू’चं. १८७९ साली लॉसीमाउथ गावच्या विल्यम कॅम्बेल यांनी एक नवी बोट बांधली. पुढचं टोक फिफीसारखं सरळ उभं आणि मागचं टोक ‘स्कॅफी’ या दुसऱ्या प्रकारासारखं तिरकं. त्याच वर्षी आफ्रिकेत इंग्रजांचं झुलू लोकांशी युद्ध चाललं होतं, सगळीकडे त्याचीच चर्चा. झालं, बोटीचं नाव पडलं झुलू! त्या नावावरून बोटीच्या आकाराबद्दल, शिडाबद्दल किंवा कामाबद्दल काहीसुद्धा कळत नाही. फक्त त्या वर्षी लोक काय बोलत होते ते कळतं.

आणि दोन्हींत न बसणाऱ्यांचं काय? यॉर्कशरमध्ये मागूनही टोकदार असलेल्या कोबलला ‘म्यूल’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, घोडा आणि गाढव यांच्या मधलं. टेम्स बार्जमध्येही मोठं शीड एका पद्धतीचं आणि मागचं लहान शीड दुसऱ्या पद्धतीचं असलं की ती ‘म्यूली’. म्हणजे त्या लोकांनी ‘गटात न बसणारी’ म्हणून बोटीवर काट मारली नाही. तिला नवं नाव दिलं.

जाणकारांनाही अवघड गेलं

तुम्ही म्हणाल, हे अडाणी कोळ्या-खलाशांचं झालं, विद्वानांनी नीट गट पाडले असतीलच. पाडले की, पण प्रत्येकाने आपापला निकष घेऊन. १७६८ साली फ्रेडरिक चॅपमन या स्वीडनच्या जहाजबांधणी तज्ज्ञाने व्यापारी जहाजांच्या आराखड्यांचा मोठा ग्रंथ काढला. त्यात जहाजांचे प्रकार त्याने अंगाच्या आकारावरून पाडले. पुढे एकोणिसाव्या शतकात लोक प्रामुख्याने शिडांवरून प्रकार सांगू लागले.

या दोहोंच्या मधोमध सापडली कॅप्टन जेम्स कुकची प्रसिद्ध ‘एंडेव्हर’. १७६४ साली व्हिटबीला बांधलेली, मुळात कोळसा वाहायची. अंगाच्या बांधणीवरून ती ‘कॅट’. आरमारात तिला म्हणायचे ‘बार्क’. आणि तिन्ही डोलकाठ्यांवर आडवी शिडं, म्हणून शिडांच्या हिशोबाने ती ‘शिप’. एकच जहाज, एकाच वेळी तीन प्रकारांत! त्याच काळात, १७६९ साली, विल्यम फाल्कनर यांचा सागरी शब्दकोश आला. त्यात बार्क या शब्दापुढे एकच अर्थ नाही. शिडांवरून एक अर्थ आहे, आणि उत्तरेकडचे कोळसा वाहणारे खलाशी मात्र रुंद पिछाडीच्या, पुढे शोभेची मूर्ती नसलेल्या जहाजाला बार्क म्हणतात, हेही नोंदवलंय. मला हे फार आवडलं. शब्दकोश लिहिणारा माणूस खलाशांना ‘तुमचं चूक’ म्हणाला नाही. ‘ते असं म्हणतात आणि या कारणाने म्हणतात’ एवढं त्याने लिहिलं.

विसाव्या शतकात एडगर मार्च यांनी शिडाच्या ड्रिफ्टर आणि ट्रॉलर बोटींवर वेगवेगळी पुस्तकं लिहिली. म्हणजे विभागणी मासेमारीच्या पद्धतीवरून. १९८३ मध्ये एरिक मॅकी यांचं ब्रिटनच्या कामाच्या बोटींवरचं पुस्तक आलं, त्याचा भर आकार आणि हेतू यांवर. कोणाचं चूक? कोणाचंच नाही. ज्याला जे शोधायचं होतं, त्याने तसे गट पाडले.

मग काहीही चालेल का?

नाही. इथे माझं मत स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या म्हणाल बाईंनी सगळ्यांना पूर्ण गुण वाटायला सांगितलं.

वर्गीकरणात चूक नक्की होते, पण ती ‘माझ्या मनातला गट नाही’ ही नव्हे. खऱ्या चुका तीन. पहिली, वस्तुस्थितीच चुकणं. हंबर कीलला तीन डोलकाठ्या आहेत असं कोणी म्हटलं तर ते चूक. दुसरी, मध्येच निकष बदलणं. एका गटाने माझ्या वर्गात ‘लाल शिडाच्या’, ‘मासेमारीच्या’ आणि ‘मोठ्या’ असे तीन ढीग केले होते. मी ब्रिक्सहॅमची ट्रॉलर हातात घेऊन विचारलं, “ही कुठे?” ती लाल शिडाची, मासेमारीची आणि मोठीही! मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली. चूक त्यांची त्यांनाच कळली. मला काहीच सांगावं लागलं नाही. तिसरी चूक, निकष असा घेणं की काही कार्डं कुठेच बसत नाहीत आणि ती गुपचूप बाजूला सरकवणं.

या तीन चुका तपासायला शिकवणं म्हणजे वर्गीकरण शिकवणं, असं मला ठामपणे वाटतं. उत्तरसूचीतला एक शब्द जुळवणं म्हणजे वर्गीकरण नव्हे.

पालकांचा प्रश्न मला माहीत आहे. पालकसभेत एका बाबांनी विचारलाच होता. “बाई, शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. तिथे चार पर्यायांतला एकच गोल काळा करायचा. तिथे कारण कोण ऐकणार?” त्यांची काळजी खोटी नाही. तिथे कारण लिहायला जागा नसते. म्हणून मी मुलांना दोन्ही सांगते. आधी शक्य तेवढे निकष शोधा. मग विचार करा, प्रश्न काढणाऱ्याने यातला कोणता घेतला असेल? ज्या मुलाला चार निकष दिसतात, त्याला अपेक्षित निकष ओळखणं जड जात नाही. ज्याला पाठ केलेला एकच दिसतो, तो नवा प्रश्न आला की अडतो. आणि निदान आपल्या वर्गातल्या चाचण्या तरी आपल्या हातात आहेत ना?

वर्गात असं करून पाहा

१. कार्डं कशाचीही चालतील : पानं, भांडी, वाहनं, धान्य. आठ ते बारा पुरेत. निकष तुम्ही सांगू नका.

२. प्रत्येक गटाने ढीग करावेत आणि निकष पाटीवर लिहून पाटी उलटी ठेवावी. दुसऱ्या गटाने ढीग बघून निकष ओळखावा. मुलांना हा खेळ फार आवडतो.

३. तेच ढीग मोडून दुसऱ्या निकषाने पुन्हा करायला सांगा. हा टप्पा गाळू नका. गट वस्तूत नसतो, आपल्या प्रश्नात असतो, हे मुलाला इथे कळतं.

४. एक ‘खेचर’ कार्ड मुद्दाम ठेवा, दोन्हीकडे बसेल किंवा कुठेच बसणार नाही असं. त्याचं काय करायचं ते मुलांना ठरवू द्या. नवं नाव ठेवलं तर उत्तमच.

५. ‘गटात न बसणारा शब्द’ या प्रश्नाखाली एक ओळ वाढवा : ‘कारण लिहा.’ गुण कारणाला द्या.

पालकहो, घरी तर याहून सोपं आहे. भांडी लावताना मुलाला विचारा, “कशी लावू या?” तो आकाराने लावेल, धातूने लावेल, नाहीतर ‘आजीची आणि आपली’ अशी लावेल. लावू द्या. फक्त एवढंच विचारा, “हे पातेलं इथे का ठेवलंस?”

आणि तुम्ही किनाऱ्याजवळ राहत असाल तर होडी, मचवा, पडाव यांतला फरक गावातल्या जुन्या तांडेलांना विचारायला मुलांना पाठवा. दोन तांडेल दोन उत्तरं देतील. दोन्ही लिहून आणायला सांगा.

शेवटी त्या मुलीबद्दल. पोस्टकार्डांच्या तासानंतर मी तिचा जुना पेपर मागवून घेतला. काट खोडली, बरोबरची खूण केली, एक गुण वाढवला आणि खाली सही केली. तिने पेपर बघितला आणि म्हणाली, “बाई, मग होडी लिहिलेल्यांचं चूक का आता?”

मी म्हटलं, “नाही. त्यांचंही बरोबर.”

ती थोडा वेळ विचार करत उभी राहिली. मग म्हणाली, “पण त्यांनी कारण नाही लिहिलं.”

पुढच्या चाचणीपासून माझ्या प्रत्येक अशा प्रश्नाखाली ‘कारण लिहा’ ही ओळ आहे. तुमच्याही पेपरात ती यावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. तुमच्या वर्गात मुलांनी असं कधी वेगळं उत्तर दिलं असेल, तर त्या उत्तरामागचं कारण तुम्ही विचारलं होतं का, हे जरा आठवून पाहा.